एका प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आज मला तुमच्याशी प्रकाशाबद्दल बोलायचे आहे. पण सुरुवात माझ्या एका चुकीपासून करतो. मी मराठवाड्यातल्या एका महाविद्यालयात तीस वर्षे पदार्थविज्ञान शिकवले. १९८८ सालची गोष्ट. आमच्या प्रयोगशाळेत पहिल्यांदाच लेसर आला होता. हेलियम आणि निऑन वायूंचा, हातभर लांबीचा, लाल प्रकाश देणारा. त्याचे आम्हाला कोण अप्रूप! मी खिडक्यांवर काळे कागद लावले, दिवे मालवले आणि समोरच्या भिंतीवर तो लाल ठिपका पाडला. पोरे पाहतच राहिली. मग मी जरा ऐटीत सांगितले, "साध्या दिव्याचा प्रकाश म्हणजे बाजारातली गर्दी आणि लेसर म्हणजे कवायत. याच्यात गोंधळ अजिबात नाही."

मागच्या बाकावरून एक मुलगा उठला. खेड्यातून रोज एसटीने येणारा, फारसे न बोलणारा. म्हणाला, "सर, अजिबात म्हणजे शून्य का? मग मागच्या आठवड्यात तुम्ही अनिश्चिततेचं तत्त्व शिकवलं, त्याचं काय?"

प्रश्न अचूक होता. मला उत्तर येत नव्हते. 'येत नाही, शोधून सांगतो' एवढे म्हटले असते तरी पुरे होते. मी म्हणालो, "परीक्षेत हे विचारत नाहीत. बस खाली." वर्ग हसला. तो बसला. त्यानंतर वर्ष संपेपर्यंत त्याने मला काही विचारले नाही.

पुढे २०१९ साली परभणीच्या एसटी स्टँडवर एक गृहस्थ समोर येऊन उभे राहिले. केस पिकलेले, हाताला ग्रीसचा वास. वाकून नमस्कार केला. तोच मुलगा. पंपाच्या मोटारी दुरुस्त करण्याचे दुकान चालवतो म्हणाला. चहा झाला, घरची चौकशी झाली आणि गाडी लागता लागता त्याने हसत विचारले, "सर, त्या लेसरच्या प्रश्नाचं उत्तर काय हो होतं?" एकतीस वर्षे त्याने तो प्रश्न जपून ठेवला होता. तोवर मला उत्तर थोडेफार कळले होते, पण गाडी सुटत होती. म्हणून आज हे भाषण. तो ऐकत असेल तर त्याच्यासाठी आणि तुम्हा सर्वांसाठीही.

उत्तराचा पहिला भाग असा की, नाही, लेसरचा प्रकाश पूर्णपणे शांत नसतो. उत्तमातल्या उत्तम लेसरमध्येही एक थरथर उरतेच. ती यंत्राच्या दोषातून आलेली नसते. ती निसर्गानेच घालून दिलेली असते.

हे कसे, ते समजण्यासाठी पत्र्याच्या छपरावरचा पाऊस आठवा. पाऊस अगदी एकसारखा, संथ पडतो आहे. तरी थेंबांचा आवाज घड्याळाच्या टिकटिकीसारखा येत नाही. कधी दोन-तीन थेंब एकदम, कधी क्षणभर काही नाही. लेसरचा प्रकाशही असाच थेंबाथेंबाने येतो. या थेंबांना आपण फोटॉन किंवा प्रकाशकण म्हणतो. समजा, एका ठरावीक वेळात सरासरी १०० कण येतात. मग एखाद्या वेळी ९२ येतील, एखाद्या वेळी १०७. हा फरक साधारण १००च्या वर्गमुळाइतका, म्हणजे १०च्या आसपास असतो. कण १०,००० केले तर फरक १००चा. आकडा वाढला, पण प्रमाण १० टक्क्यांवरून १ टक्क्यावर आले. म्हणजे प्रकाश जितका प्रखर, तितकी थरथर तुलनेने कमी. पण शून्य कधीच नाही.

आता दुसरे चित्र घेऊ. नागपंचमीचा झोका. झोक्याची स्थिती सांगायची तर दोन गोष्टी लागतात: तो या क्षणी कुठे आहे आणि किती वेगाने चालला आहे. प्रकाशाची लाट हीसुद्धा एका अर्थाने झोकाच आहे. विद्युतक्षेत्र एकदा इकडे, एकदा तिकडे, असे सेकंदाला काही कोटी कोटी वेळा हेलकावते. क्वांटम सिद्धांत सांगतो की झोक्याची जागा आणि वेग या दोन्ही गोष्टी एकाच वेळी हव्या तितक्या अचूक असू शकत नाहीत. कागदावर आडव्या रेषेवर जागा आणि उभ्या रेषेवर वेग मांडला, तर झोक्यासाठी टोकदार पेन्सिलीचा ठिपका काढताच येत नाही. तिथे शाईचा एक छोटा गोल डाग पडतो. त्या डागाचे क्षेत्रफळ एका मर्यादेपेक्षा लहान करता येत नाही.

१९२६ साली एर्विन श्रोडिंगर यांनी दाखवले की, झोक्याची एक अवस्था अशी असते की तिच्यात हा डाग लहानात लहान असतो आणि झोका कितीही हलला तरी तो पसरत नाही, तेवढाच राहतो. आपल्या रोजच्या अनुभवातल्या झोक्याच्या सर्वांत जवळची अवस्था हीच. हिला आज सुसंगत अवस्था म्हणतात. आदर्श लेसरमधून जो प्रकाश निघतो तो या अवस्थेतला. तेव्हा माझे कवायतीचे उदाहरण अगदीच खोटे नव्हते. कवायत आहेच, पण प्रत्येक शिपायाच्या पावलात केसाएवढा फरक उरतो आणि तो कुठल्याही हवालदाराला काढता येत नाही.

श्रोतेहो, श्रोडिंगर यांच्या या कामाचा प्रकाशाशी खरा संबंध जोडला गेला तो बऱ्याच वर्षांनी. त्याला निमित्त झाले एका ताऱ्याचे. १९५६ साली रॉबर्ट हॅनबरी ब्राऊन आणि रिचर्ड ट्विस यांनी व्याध ताऱ्याचा प्रकाश दोन वेगवेगळ्या आरशांवर घेतला आणि दोन्हीकडच्या चढउतारांची तुलना केली. हे हॅनबरी ब्राऊन जन्माने आपल्या नीलगिरीतल्या अरुवनकाडूचे. त्यांना दिसले की दोन्हीकडचे चढउतार एकमेकांशी जुळतात, जणू प्रकाशकण घोळक्याने येतात. अनेक नामवंतांना हे पटेना. कण सुटे सुटे असतात, मग एका आरशावरच्या कणाला दुसऱ्या आरशावरच्या कणाची खबर कशी? त्यातच १९६० साली लेसर जन्माला आला. ताऱ्याचा प्रकाश आणि लेसरचा प्रकाश यांत नेमका फरक काय, हे क्वांटम सिद्धांताच्या भाषेत सांगण्याची वेळ आली.

ते काम १९६३ साली झाले. अमेरिकेत रॉय ग्लाउबर यांनी प्रकाशकणांच्या परस्परसंबंधांचा सिद्धांत मांडला आणि त्यासाठी सुसंगत अवस्था वापरल्या. त्याच वर्षी रॉचेस्टर विद्यापीठात काम करणाऱ्या एका भारतीय शास्त्रज्ञाने एक छोटासा निबंध प्रसिद्ध केला. त्यांचे नाव ई. सी. जी. सुदर्शन. १९३१ साली केरळातल्या कोट्टायम जिल्ह्यात जन्म. अमेरिकेत जाण्यापूर्वी ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. त्यांनी दाखवले की प्रकाशाची कोणतीही अवस्था, मग तो दिवा असो, तारा असो की आणखी काही, सुसंगत अवस्थांचे मिश्रण म्हणून लिहिता येते. अमुक अवस्था इतके भाग, तमुक अवस्था तितके भाग, अशी मसाल्याच्या कृतीसारखी यादी.

पण यात एक गंमत आहे. दिव्याच्या प्रकाशाची कृती लिहायला बसलो, तर सगळे साहित्य सरळ निघते. काही प्रकारच्या प्रकाशाची कृती लिहिताना मात्र 'मीठ, उणे दोन चमचे' असे काहीतरी लिहावे लागते, किंवा त्याहूनही विचित्र. गणितात हे चालते. स्वयंपाकघरात उणे मीठ घालता येत नाही! ज्या प्रकाशाची कृती अशी निघते, तो प्रकाश जुन्या भौतिकशास्त्राच्या चौकटीत बसूच शकत नाही. हा अस्सल क्वांटम प्रकाश. साधा प्रकाश कुठे संपतो आणि हा कुठे सुरू होतो, ते ओळखण्याची कसोटी सुदर्शन यांच्या सूत्राने हाती दिली. आज जगभरच्या पाठ्यपुस्तकांत त्याला ग्लाउबर आणि सुदर्शन अशा दोघांचे नाव आहे.

२००५ साली नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग ग्लाउबर यांना मिळाला आणि उरलेला अर्धा जॉन हॉल व टेओडोर हेन्श यांना. सुदर्शन यांचे नाव यादीत नव्हते. त्यांनी नोबेल समितीला पत्र लिहून आपली हरकत नोंदवली. ग्लाउबर यांचे काम थोर होते याबद्दल दुमत नाही. पण ज्या सूत्रावर दोघांचे नाव आहे, त्यासाठी दुसऱ्या नावाची आठवण ठेवली गेली नाही, ही खंत अनेकांना वाटली आणि मलाही वाटते. दोघेही २०१८ साली गेले. मात्र या खंतीत मला माझीही बाजू दिसते. १९८८ साली माझ्या विद्यार्थ्याने प्रश्न विचारला, तेव्हा त्याचे उत्तर छापून पंचवीस वर्षे झाली होती. ते छापणाऱ्यांत एक आपल्याच देशाचा होता. आणि मला, पदार्थविज्ञानाच्या शिक्षकाला, त्याचे नावही माहीत नव्हते. नोबेल समितीला बोल लावण्यापूर्वी मला याचे उत्तर द्यावे लागेल.

आता उत्तराचा दुसरा भाग. थरथर शून्य होत नाही, हे मान्य. पण कमी करता येते का?

कणकेचा गोळा घ्या. तळहाताने दाबा. उंची कमी होते, पण कणीक कुठे जात नाही. ती बाजूला पसरते. शाईच्या त्या डागाचे तसेच आहे. निसर्गाची अट क्षेत्रफळापुरती आहे, आकाराबद्दल नाही. डाग गोलच असावा असे कुठे म्हटले आहे? त्याला एका दिशेने दाबून लांबट करा. दाबलेल्या दिशेने अनिश्चितता कमी होईल, दुसऱ्या दिशेने वाढेल. आपल्याला जी गोष्ट मोजायची आहे ती दाबलेल्या दिशेला ठेवा आणि जिच्याशी कर्तव्य नाही तिच्या पदरात सगळा गोंधळ टाका. अशा प्रकाशाला दाबलेला, म्हणजेच संकुचित प्रकाश म्हणतात. सुदर्शन यांच्या कसोटीवर हा प्रकाश साध्या प्रकाशाच्या पलीकडचा ठरतो. याच्या कृतीत साधे मिश्रण चालत नाही.

पण प्रकाशाला दाबायचे कसे? इथे पुन्हा झोक्याकडे या. झोक्यावर उभी राहिलेली मुलगी झोका कसा चढवते? गुडघ्यात वाकते, उठते, पुन्हा वाकते. नीट पाहिलेत तर एका पूर्ण हेलकाव्यात ती दोनदा वाकते आणि दोनदा उठते. ताल बरोबर साधला तर झोका चढतो. उलट्या तालात केले तर झोका मंदावतो. म्हणजे दुप्पट गतीच्या हालचालीने हेलकाव्याचा एक भाग वाढतो आणि दुसरा घटतो. प्रकाशाच्या बाबतीत हेच काम एक खास स्फटिक करतो. त्याच्यावर दुप्पट कंपनसंख्येचा प्रकाश टाकला, की त्यातला एकेक कण फुटून त्याचे दोन जुळे कण होतात. या जुळ्यांच्या येण्यात ताळमेळ असतो आणि त्यातूनच थरथर एका बाजूला दबते. १९८५ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत रिचर्ट स्लशर आणि सहकाऱ्यांनी सोडियमचे अणू वापरून पहिल्यांदा असा प्रकाश मिळवला. पुढच्याच वर्षी जेफ किंबल यांच्या गटाने टेक्सासमध्ये स्फटिकाच्या मार्गाने याहून बरेच मोठे यश मिळवले. म्हणजे माझ्या वर्गात तो लाल ठिपका भिंतीवर पडला, तेव्हा लेसरहून शांत प्रकाश जगात तयार झालेला होता!

तुम्ही म्हणाल, हे सगळे ठीक, पण उपयोग काय? उपयोग आपल्या अगदी दाराशी आला आहे.

गुरुत्वीय लहरींबद्दल तुम्ही वाचले असेल. दूर कुठेतरी दोन कृष्णविवरे एकमेकांवर आदळतात आणि अवकाशाच्या पोतातच लाटा उठतात. अमेरिकेतल्या लायगो या वेधशाळेने १४ सप्टेंबर २०१५ रोजी अशी लाट पहिल्यांदा टिपली. लायगोच्या यंत्राला काटकोनात दोन भुजा असतात, प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या निर्वात नळ्या. लेसरचा झोत अर्धपारदर्शक आरशावर दुभागून दोन्हीकडे जातो आणि टोकाच्या आरशांवरून परत येतो. लाट आली की एक भुजा किंचित लांबते, दुसरी आखडते. किती? प्रोटॉन हा अणूच्या गाभ्यातला कण. त्याच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही कमी. एवढे मोजायचे, तर लेसरची थरथर आड येणारच.

त्या अर्धपारदर्शक आरशाला चार बाजू आहेत असे समजा, चार दारे. एका दारातून लेसर आत येतो. दोन दारे भुजांकडे उघडतात. चौथ्या दारापाशी निरीक्षण करणारे उपकरण बसवलेले असते आणि एरवी तिथे जवळजवळ काळोख असतो. १९८१ साली कार्लटन केव्ह्ज यांनी एक विलक्षण गोष्ट दाखवली. मोजमाप बिघडवणारी थरथर लेसरच्या दारातून येत नाही. ती या चौथ्या, रिकाम्या दारातून आत शिरते. तिथून तर काहीच येत नाही ना? पण क्वांटम सिद्धांतात 'काहीच नाही' यालाही थरथर असते. झोका थांबला तरी शाईचा डाग उरतोच. काळोखालाही डाग असतो. केव्ह्ज म्हणाले, त्या दारातून साधा काळोख आत जाऊ देण्याऐवजी दाबलेला काळोख आत सोडा.

लेसरच प्रखर करून काम भागणार नाही का? काही अंशी भागते. पण प्रकाश फार प्रखर केला तर आरसे तापतात, शिवाय प्रकाशकणांच्या माऱ्याने ४० किलो वजनाचे आरसेसुद्धा हलतात. म्हणून हा दुसरा मार्ग लागला. जर्मनीतल्या जिओ-६०० या यंत्राने २०१०मध्ये तो वापरायला सुरुवात केली. लायगोच्या दोन्ही यंत्रांत २०१९च्या एप्रिलपासून निरीक्षणाच्या काळात तो नियमित आला. त्यामुळे लहरी सापडण्याचा अपेक्षित दर एका यंत्रात ४० टक्क्यांनी आणि दुसऱ्यात ५० टक्क्यांनी वाढला. मग २०२३ साली ३०० मीटर लांबीची आणखी एक नळी जोडली गेली. लहरीच्या कंपनसंख्येप्रमाणे डाग कोणत्या दिशेने दाबलेला हवा हे बदलते. ते वळण देण्याचे काम ही नळी करते. त्यामुळे न्याहाळता येणाऱ्या विश्वाचे आकारमान ६५ टक्क्यांपर्यंत वाढले.

अर्थात हा प्रकाश फार नाजूक असतो. वाटेत एखादा आरसा थोडा मळका असला, थोडे कण हरवले, तरी त्यांच्या जागी साधा काळोख शिरतो आणि मेहनत पातळ होते, साखरेच्या पाकात पाणी पडावे तशी. जर्मनीत हॅनोव्हरच्या प्रयोगशाळेत २०१६ साली थरथरीची शक्ती तिसाव्या हिश्श्यापर्यंत खाली आणली गेली. पण एवढ्या अवाढव्य यंत्रात ती निम्मी झाली तरी मोठे यश मानले गेले.

आणि आता आपले दार. आपल्या हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभी राहणार आहे. भुजा तितक्याच लांब, ४ किलोमीटरच्या. ६ एप्रिल २०२३ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला मंजुरी दिली. पुण्याची आयुका, इंदूरची राजा रामण्णा संस्था, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था अशा संस्था त्यात आहेत. आयुकाचे संजीव धुरंधर यांच्यासारख्यांनी, या लहरी सापडण्याच्या कितीतरी आधीपासून, त्या गोंगाटातून ओळखायच्या कशा याचे गणित मांडले होते. अमेरिकेतल्या दोन यंत्रांपासून इतक्या दूर एक यंत्र असले, की लाट आकाशातल्या नेमक्या कुठल्या भागातून आली ते कितीतरी अधिक अचूक सांगता येईल. आणि जगाच्या बरोबरीने चालायचे, तर दाबलेल्या प्रकाशाची ही विद्याही इथे लागणारच.

औंढ्याच्या देवळाची आख्यायिका आपल्याकडे घरोघर माहीत आहे. नामदेवांना समोर कीर्तन करू दिले नाही, मागे जा म्हणून सांगितले. ते मागे गेले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले. ही श्रद्धेची गोष्ट आहे, तिचा विज्ञानाशी संबंध जोडण्याचा माझा हेतू नाही. पण 'बस खाली' म्हणून मी ज्याला मागे बसवले, त्याची आठवण मला या गोष्टीने दर वेळी होते. यंत्र येईल, आरसे येतील, नळ्या येतील. ते चालवायला या भागातली मुले येणार की नाहीत, हे आपल्या वर्गांत काय घडते त्यावर ठरेल. मागच्या बाकावरचा मुलगा 'अजिबात म्हणजे शून्य का?' असे विचारतो, तेव्हा आपण काय म्हणतो त्यावर.

परवा मी त्याच्या दुकानात फोन केला होता. म्हटले, रेडिओवर बोलणार आहे, ऐक. तो म्हणाला, "ऐकतो सर. पण पोरगी बारावीला आहे, तिलाही बसवतो. तिला तुमच्यापेक्षा अवघड प्रश्न पडतात." मी म्हटले, तिला माझा नंबर दे. उत्तर आले नाही, तर तसे सांगेन आणि शोधून कळवीन.